भगवानदादा : पंचवीस खोल्यांपासून दोन खोल्यांपर्यंत

रौप्यमहोत्सवी स्मरणिकेसाठी मी बचत आणि गुंतवणूक या विषयावर चार पानं लिहावीत, असं समितीच्या मंडळींनी सुचवलं होतं. पस्तीस-छत्तीस वर्षं बँकेत काढलेल्या माणसाकडून दुसरं काय मागणार! पण मुदत ठेवीचे व्याजदर आता प्रत्येकाच्या मोबाइलवर दिसतात, आणि म्युच्युअल फंडातलं आमच्यापेक्षा आमच्या सुनांना जास्त कळतं. म्हणून मी समितीला कळवलं की मी एका सिनेमावाल्या माणसाची हकीकत लिहितो. दोघे-तिघे हसले. पण ही पैशाचीच हकीकत आहे, आणि घराचीही आहे. आपण सगळ्यांनी हप्ते भरून भरून घर केलेलं आहे, म्हणून ती इथे शोभेल असं मला वाटलं.

भगवानदादा हे नाव आमच्या वयाच्या मंडळींना सांगावं लागत नाही. नातवंडांसाठी सांगतो. गणपतीत किंवा लग्नाच्या वरातीत तुम्ही जो नाच करता, म्हणजे दोन्ही हात कोपरात वाकवून, खांदे हलवत, पाय फारसे न उचलता जागच्या जागी डुलायचं, तो नाच पडद्यावर पहिल्यांदा लोकप्रिय केला तो या माणसाने. अमिताभ बच्चनच्या नाचात जे दिसतं, ते मुळात भगवानदादांचं.

मी त्यांना पहिल्यांदा बघितलं ते येरमाळ्याच्या यात्रेत. चैत्र पौर्णिमेला येडेश्वरीची यात्रा भरते हे आपल्या जिल्ह्यात कुणाला सांगायला नको. माझं गाव तिथून दोन-अडीच कोसांवर. साल १९६३ च्या आसपासचं असेल, मी अकरा-बारा वर्षांचा होतो. यात्रेत तंबू टॉकीज यायची. बाहेर जनरेटरचा धडधडाट, आत मधोमध कापडी पडदा बांधलेला, एका बाजूला बाया, एका बाजूला बाप्ये. बसायला खाली जमीनच. दहा-बारा वर्षं जुना 'अलबेला' लागला होता. रीळ जागोजागी तुटायचं, मग लोक शिट्ट्या मारायचे. पण गाणं लागलं की माणसं उठून पडद्यापुढे नाचायला लागायची आणि मागून पडद्यावर चिल्लर उडायची. मला सिनेमापेक्षा ती चिल्लरच जास्त आठवते. खेळ सुटल्यावर तंबूवाल्याची दोन पोरं कंदील घेऊन पडद्याखालची माती चाळत होती. मी थांबून बघत राहिलो आणि चुलत्यांचा मार खाल्ला. बँकेत गेल्यावर रोकड मोजताना कित्येकदा तो कंदील डोळ्यांपुढे यायचा.

आता मूळ माणसाकडे वळतो.

त्यांचं पूर्ण नाव भगवान आभाजी पालव. जन्म १ ऑगस्ट १९१३ चा, अमरावतीचा. वडील कापड गिरणीत कामगार. मुंबईच्या गिरणगावात, चाळीत वाढलेलं पोर. शाळा फार झाली नाही, अंगमेहनतीची कामं केली. व्यायामाचा आणि कुस्तीचा नाद होता, त्यामुळे अंग भरलेलं. पुढे जे दादा म्हणून नाव चिकटलं ते या पहिलवानकीमुळे. सिनेमाचं वेड डोक्यात होतंच. तेव्हा मूकपटांचा जमाना होता. हॉलिवूडचा डग्लस फेअरबँक्स हा उड्या मारणारा, तलवारी खेळणारा नट त्यांचा आदर्श. मूकपटांच्या शेवटच्या काळात त्यांना लहानसहान कामं मिळायला लागली, आणि पडदा बोलायला लागला तसे तेही त्याच्याबरोबर पुढे सरकले.

नट तर खूप होते. या माणसाचं वेगळेपण हे की त्याने धंदा शिकून घेतला. कॅमेरा कुठे लावायचा, कपडे कोणते, मारामारी कशी बसवायची, जेवण किती माणसांचं, ते कुठून स्वस्तात येईल, सगळं स्वतः बघायचं. १९३८ साली चंद्रराव कदमांबरोबर 'बहादूर किसान' हा चित्रपट त्यांनी दिग्दर्शित केला आणि तिथून पुढे दहा-अकरा वर्षं स्टंटपटांचा रतीब घातला. कमी खर्च, थोडे दिवस, मारामारी भरपूर. नटांच्या जेवणापासून कपड्यांपर्यंत सगळं धरून एक चित्रपट पासष्ट हजारांत ते पुरा करायचे असं सांगतात. मोठ्या वर्तमानपत्रांतले समीक्षक अशा चित्रपटांकडे ढुंकून बघत नसत. बघायचे ते गिरणी कामगार, हमाल, टांगेवाले. दिवसभर राबून आलेल्या माणसाला दोन-अडीच तास मोकळं हसायला आणि ओरडायला मिळायचं. त्या माणसाला काय हवं ते भगवानना विचारावं लागत नव्हतं, कारण ते स्वतः त्याच चाळीतून आलेले.

याच काळात एक वाईट गोष्ट घडली. १९४२ साली 'जंग-ए-आझादी' या चित्रपटाच्या शूटिंगला एका प्रसंगात त्यांना ललिता पवारांच्या मुस्काटात मारायची होती. अंदाज चुकला आणि फटका खराच बसला. येवल्यात जन्मलेल्या ललिताबाई तेव्हा नायिकेची कामं करायच्या. चेहऱ्याची एक बाजू लुळी पडली, डाव्या डोळ्याला कायमची इजा झाली, आणि जवळजवळ तीन वर्षं उपचारांत गेली. नायिकेची कामं संपलीच. पण बाई खचल्या नाहीत. तोच बारीक झालेला डोळा घेऊन त्यांनी खाष्ट सासूच्या भूमिका अशा केल्या की पुढची चाळीस वर्षं दुसरी कुणी त्या जागी बसली नाही. रामानंद सागरांच्या 'रामायण' मालिकेतली मंथरा त्याच. रविवारी सकाळी आमच्या गल्लीत ज्या एका घरी टीव्ही होता तिथे सगळ्या बाया मंथरेला शिव्या घालायच्या, तेव्हा त्या डोळ्यामागची हकीकत त्यांच्यातल्या एकीलाही ठाऊक नव्हती. एकाच्या हातून दुसरीचं नुकसान झालं आणि त्या नुकसानीवर तिने आपलं आयुष्य उभं केलं. पुढे स्वतःचं नुकसान झालं तेव्हा भगवानदादांनी काय केलं, ते येईलच.

त्याच १९४२ साली ते निर्माते झाले. संस्थेचं नाव जागृती पिक्चर्स. १९४७ मध्ये चेंबूरला स्वतःचा जागृती स्टुडिओ काढला. राज कपूरचा आर. के. स्टुडिओ चेंबूरलाच, पण तो त्यानंतरचा. गिरणी कामगाराच्या पोराने वयाच्या चौतिसाव्या वर्षी स्टुडिओ उभारावा ही काय साधी गोष्ट आहे? आमच्या वेळी त्या वयात आम्ही ऑफिसरच्या परीक्षेला बसत होतो.

राज कपूरनेच त्यांना सल्ला दिला की आता हाणामाऱ्या पुरे, एखादा सामाजिक चित्रपट काढा. भगवाननी तो मानला आणि 'अलबेला' काढला, १९५१ साली. निर्माते तेच, दिग्दर्शक तेच, नायकही तेच. जाड अंगाचा, गोल चेहऱ्याचा नायक आणि समोर गीता बाली, जी तेव्हा मोठी नटी होती. संगीत सी. रामचंद्रांचं. हे रामचंद्र नरहर चितळकर मूळचे नगर जिल्ह्यातल्या पुणतांब्याचे. दोघांची दोस्ती जुनी होती. भगवाननी तमिळमध्येही चित्रपट काढले होते, त्यातल्या १९४१ च्या 'वनमोहिनी'चं संगीत रामचंद्रांकडे होतं, आणि पुढच्या वर्षी 'सुखी जीवन'मुळे हिंदीत त्यांचं नाव झालं तेही भगवानच्याच चित्रपटामुळे. म्हणजे भगवाननी आधी मित्राला संधी दिली होती, आता मित्राने त्याची सव्याज परतफेड केली.

'अलबेला'ची कथा आठवते का? प्यारेलाल नावाचा एक गरीब पोरगा. डोक्यात नाटकाचं खूळ. घरात बहिणीच्या लग्नाला पैसे कमी पडताहेत आणि याची नोकरी जाते. घरात भांडण होतं, हा बाहेर पडतो, रंगभूमीवर नाव काढतो, श्रीमंत होतो. घरी पैसे पाठवत राहतो, पण ते पोचतच नाहीत, मधल्यामध्ये घरचाच एक माणूस ते खातो. परत येऊन बघतो तर घराची वाताहत झालेली. लोकांना गाणी लक्षात आहेत, मला मात्र ते न पोचलेले पैसे लक्षात राहिले. मनीऑर्डर हा आमच्या खेड्यातल्या कितीतरी घरांचा आधार होता, मुंबईच्या गिरणीत गेलेला माणूस दर महिन्याला पाठवायचा. त्यामुळे तंबूत तो भाग आला की मघाशी नाचणारी माणसं एकदम चिडीचूप व्हायची.

गाण्यांबद्दल मी काय लिहावं! सी. रामचंद्रांनी बोंगो, सॅक्सोफोन, क्लॅरिनेट असली विलायती वाद्यं आणली आणि ती अशी वाजवली की ती येडेश्वरीच्या यात्रेतली वाटावीत. स्वतः चितळकर या नावाने गायले, जोडीला लताबाई. एका गाण्यात पानाफुलांचे हवाई बेटांचे पोशाख, तर दुसरी एक लोरी, जी ऐकून आजही पोरं झोपतात. भगवानचा नाच म्हणजे नाच शिकलेल्या माणसाचा नाच नव्हे. पहिलवानी अंगाला जेवढं झेपेल तेवढंच तो करायचा, आणि म्हणूनच बघणाऱ्याला वाटायचं की हे आपल्यालाही येईल. येतंच ते!

चित्रपटाने ज्युबिली केली. आपली ज्युबिली पंचवीस वर्षांची, सिनेमाची पंचवीस आठवड्यांची, एवढाच फरक. त्याच साली राज कपूरचा 'आवारा' आला होता, तरी भगवानचा हा चित्रपट त्या गर्दीत ताठ उभा राहिला.

आता हिशेबाचा भाग. ज्यांनी पैसा पाहिलेला नसतो त्यांच्या हाती तो एकदम आला की पहिली गोष्ट घराची होते. भगवाननी जुहूला समुद्राकाठी बंगला केला, पंचवीस खोल्यांचा. आणि मोटारी सात, आठवड्याच्या प्रत्येक वाराला एक. सोमवारची मंगळवारी काढायची नाही. ऐकायला गंमत वाटते, पण त्या काळी आपल्या अख्ख्या जिल्ह्यात मिळून किती मोटारी असतील याचा विचार करा. आपला भाग तर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता, आणि रझाकारांच्या आठवणी अजून ताज्या होत्या. सिनेमा धंद्याच्या भाषेत आजही मराठवाडा हा निजाम टेरिटरीत मोडतो. चित्रपटाचे हक्क मुंबई, निजाम, सी. पी. असे इलाखे पाडून विकले जातात. म्हणजे येरमाळ्याच्या तंबूत पडलेली चिल्लर तंबूवाला, मग वितरक, मग निर्माता अशी पायऱ्या चढत जुहूला जायची. प्रत्येक पायरीवर थोडी झिजत.

एका चित्रपटात आकाशातून पैशांचा पाऊस पडतो असं दाखवायचं होतं, तर त्यांनी खोट्या नोटा न वापरता खऱ्या उधळल्या असंही सांगतात. कॅशियर असतो तर मी तिथेच बेशुद्ध पडलो असतो.

'अलबेला' चालला म्हटल्यावर तीच जोडी, तोच संगीतकार घेऊन १९५३ मध्ये 'झमेला' काढला. बेताचाच चालला. १९५६ चा 'भागम भाग' किशोरकुमारबरोबरचा, तो लोकांना आवडला. पण 'अलबेला'ची उंची पुन्हा आली नाही. नंतर किशोरकुमारलाच घेऊन 'हँसते रहना' नावाचा मोठा घाट घातला. तो चित्रपट पुराच झाला नाही. अर्धवट चित्रपट म्हणजे काय हे बँकेच्या माणसाला विचारा. अर्धवट इमारत निदान दगडविटांची तरी असते, कुणीतरी घेतं, पुढे बांधतं. अर्धवट चित्रपटाला गिऱ्हाईक नसतं. त्यात घातलेला रुपया म्हणजे गेलेला रुपया. १९६६ ला 'लाबेला' काढला, नावातसुद्धा जुन्या यशाची आशा दिसते. तोही पडला. त्याच्या आदल्याच वर्षी गीता बाली देवीच्या आजाराने अकाली गेल्या होत्या.

बंगला विकला. मोटारी विकल्या. स्टुडिओही गेला.

मोठा माणूस पडला की त्याने पैसा कसा उडवला याच्या गोष्टी लोक चवीने सांगतात. मला त्यात रस नाही. माझ्या नजरेला जे दिसतं ते असं, की या माणसाने घरचं आणि धंद्याचं खातं कधी वेगळं ठेवलंच नाही. कमाई झाली की ती पुढच्या चित्रपटात, आणि चित्रपट पडला की घर त्याखाली. स्टंटपटांच्या वेळी हेच चालून गेलं, कारण एक पडला तरी घाव छोटा आणि दुसरा दोन महिन्यांत तयार. 'अलबेला'नंतर डाव मोठे झाले, पण रीत तीच राहिली. आणि त्या काळी सिनेमाला बँक कर्ज देत नव्हती हे विसरू नका. चित्रपट व्यवसायाला उद्योगाचा दर्जा सरकारने दिला तो १९९८ मध्ये. तोपर्यंत सगळा कारभार सावकारांच्या पैशावर. तिथे हप्ते पाडून मिळत नाहीत, मुदतवाढ नाही. मागितला की द्यायचा, नाही तर कागद त्याचे.

तरीही सगळा दोष रीतीवर टाकता येत नाही. राज कपूरनेही 'मेरा नाम जोकर'साठी असंच सगळं गहाण टाकलं होतं. १९७० मध्ये तो पडला तेव्हा त्याचंही दिवाळं निघायची वेळ आली होती. पुढे १९७३ ला 'बॉबी' आला आणि सगळं सुटलं. आज आपण त्याला धाडसी म्हणतो. 'बॉबी' पडला असता तर काय म्हटलं असतं? भगवानदादांचा 'बॉबी' आला नाही, एवढंच.

इथे माझ्या नोकरीतली एक गोष्ट सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. १९८७ च्या सुमारास आपल्याच जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी शाखाधिकारी होतो. एक दिवस साठीतला एक गृहस्थ घराची कागदपत्रं घेऊन आला. तंबू टॉकीज चालवायचा. बोलता बोलता कळलं की यात्रेतला माझ्या लहानपणचा तो तंबू यांचाच. मी चहा मागवला. त्यांना नवं प्रोजेक्टर आणि नवा तंबू घ्यायचा होता, घर तारण द्यायला तयार होते. तेव्हा गावोगाव व्हिडिओ पार्लर झाले होते, टीव्ही आलेला होता. मी कागद बघितले, धंदा बघितला आणि नाही म्हणून सांगितलं. घर चांगलं होतं, तारण पुरेसं होतं, पण फेडणार कशातून हा प्रश्न होता. त्यांना समजावताना मी भगवानदादांचंच उदाहरण दिलं. घर वाचवा, मी त्यांना म्हणालो. ते रागावून उठले, चहा तसाच राहिला.

त्यांनी खासगी सावकाराकडून पैसे उचलले. तीन वर्षांत तंबूही गेला आणि घरही गेलं.

नियमाप्रमाणे मी बरोबर होतो, ऑडिटमध्ये कुणी मला बोट लावलं नसतं. पण बँकेच्या व्याजाने, सात वर्षांच्या हप्त्याने मिळालं असतं तर घर राहिलं असतं का, हा प्रश्न मी निवृत्त होईपर्यंत, आणि खरं सांगायचं तर त्यानंतरही, डोक्यातून काढू शकलो नाही. घरातल्या माणसांना हे मी कधी बोललो नव्हतो. नंतर चार-पाच वर्षांनी बार्शीला एका टॉकीजच्या दारात ते मला तिकिटं फाडताना दिसले. मी तोंड चुकवून निघणार होतो. त्यांनीच हाक मारली, साहेब म्हणून, आणि माझं तिकीट न फाडता मला आत सोडलं. मध्यंतरात मी बाहेर येऊन तिकीट पुढे केलं, तर त्यांनी ते माझ्याच खिशात कोंबलं. ते हसत होते. तेव्हा मला भगवानदादांच्या उरलेल्या आयुष्याचा अर्थ थोडा लागला.

कारण भगवानदादा काम करत राहिले. उतरती लागायच्या आधीही ते दुसऱ्यांच्या चित्रपटांत दिसायचेच, शांतारामबापूंच्या 'झनक झनक पायल बाजे'त आणि राज कपूर-नर्गिसच्या 'चोरी चोरी'त. पण नंतर नंतर कामं लहान होत गेली. आधी नायकाचा मित्र, मग हवालदार, मग पार्टीत नाचणारा म्हातारा, मग गर्दीत एक चेहरा. ज्याने स्वतःचा स्टुडिओ चालवला तो दुसऱ्याच्या स्टुडिओत मिळेल त्या कामाला उभा राहायचा. सत्तर आणि ऐंशीच्या दशकांतले चित्रपट पुन्हा लावून बघा, एखाद्या गाण्याच्या कोपऱ्यात ते दोन पावलं टाकताना सापडतील. थिएटरातली माणसं ओळखायची आणि टाळी पडायची. त्यांना पैसे किती मिळत असतील? मिळत असतील थोडेबहुत. असे शेकडो चित्रपट केले त्यांनी. शनिवारी-रविवारी दूरदर्शनवर जुनी गाणी लागायला लागली तेव्हा 'अलबेला'तली गाणी वारंवार यायची. आमच्या मुलांनी भगवानदादांना बघितलं ते असं. त्यांना तो नेहमी अडतीस वर्षांचाच वाटायचा.

राहायला ते परत दादरला आले, लालूभाई मॅन्शन या चाळीत, दोन खोल्यांत. जिथून निघाले होते त्याच वस्तीत. यश होतं तेव्हा बंगल्यावर जी माणसं गर्दी करायची ती पांगली. येत राहिले ते मोजके : सी. रामचंद्र, नट ओमप्रकाश आणि 'अलबेला'ची गाणी लिहिणारे राजेंद्र कृष्ण. चाळीचा जिना चढून यायचे आणि बसायचे. रामचंद्र १९८२ मध्ये गेले. त्यांचे स्टंटपट तर बहुतेक नष्टच झाले, रिळंसुद्धा उरली नाहीत. दहा-बारा वर्षांच्या घामातलं जवळजवळ काही आज बघायला मिळत नाही.

मात्र एक गोष्ट दरवर्षी व्हायची असं दादरचे लोक सांगतात. गणपती विसर्जनाच्या मिरवणुका चाळीवरून जायच्या, तेव्हा बँडवाले लालूभाई मॅन्शनसमोर थांबायचे. 'अलबेला'चं गाणं वाजवायचे. मग म्हातारे भगवानदादा खाली येऊन तीच आपली पावलं टाकायचे, हात कोपरात वाकवून, खांदे हलवत. मिरवणूक नाचायची आणि मग पुढे सरकायची. तो मान विकत मिळणारा नव्हता आणि सावकाराला नेताही येणारा नव्हता. (हे वाक्य भाषणासारखं झालं, पण राहू दे.)

२०१६ साली त्यांच्यावर 'एक अलबेला' नावाचा मराठी चित्रपट निघाला. मंगेश देसाईंनी भगवानदादा केले आहेत आणि विद्या बालनने गीता बाली. मुलांनी बघावा.

भगवानदादा गेले ४ फेब्रुवारी २००२ रोजी, दादरच्या राहत्या घरी, हृदयविकाराने. वय अठ्ठ्याऐंशी. सोसायटीच्या जुन्या सभासदांना आठवत असेल, तेव्हा आपली नोंदणी होऊन वर्ष-दीड वर्ष झालं होतं आणि बांधकाम चालू होतं. मी सकाळी बँकेत जायच्या आधी स्लॅबवर पाणी मारलं की नाही बघायला यायचो. त्या आठवड्यात एका सकाळी माझ्या होणाऱ्या घरात, सिमेंटच्या पोत्यावर बसून मी पेपरात बातमी वाचली. भिंती कमरेएवढ्या आल्या होत्या. माझ्या शर्टाच्या खिशात गृहकर्जाचं पासबुक होतं, एकशे ऐंशी हप्त्यांपैकी दोन भरलेले. खाली गवंडी ट्रान्झिस्टर लावून काम करत होता. बातमीमुळे असेल, रेडिओवर 'अलबेला'ची गाणी चालू होती. गवंडी थापी हातात घेऊन खांदे हलवत होता. मी त्याला विचारलं, हे गाणं कुणाचं माहीत आहे का. त्याला माहीत नव्हतं. मी सांगितलं. त्याने ऐकून घेतलं आणि खिडकीची चौकट नेमकी कुठे बसवायची ते मला विचारलं.